फिरस्त्यानं ओलांडलेली गल्ली

सकाळी सव्वाअकराला मावशीचा फोन आला आणि तिनं सांगितलं, गल्लीत नवा दिवा बसवून गेले. ठमी म्हणाली, "कोण?" मावशी म्हणाली, "दिवेवाले. दुसरं कोण बसवणार, सुतार? दोघं आले होते शिडी घेऊन. एक वर चढला आणि दुसरा खाली उभा राहून त्याला अक्कल शिकवत होता. चांगला पांढरा उजेड आहे, सुईत दोरा ओवता येईल असा. पण गल्लीत मी एकटी. एकटीला एवढा उजेड काय करायचाय?" एवढं बोलून मावशीनं फोन ठेवला. चार वाक्यांच्या वर बोललं की फोनला दम लागतो अशी तिची समजूत होती, आणि आज तिनं आधीच हद्द ओलांडली होती. ठमी फोन कानाला तसाच धरून बसून राहिली. ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण मावशीनं एकदा ठेवलं ते ठेवलं; आता कार्यालयातल्या हजेरीपटावर दुसरं नाव दिसलं की तीच क्षणभर विचारात पडायची, ही कोण बाई रोज माझ्या आधी येऊन सही करते. तिच्या डोक्यात त्या वेळी एकच वाक्य उभं होतं. पुस्तकातून काढलेल्या गल्लीत दिवा बसवत नाहीत. आणि ही दोरगल्ली तर तिनं काढली होती. स्वतःच्या हातानं, तीन महिन्यांपूर्वी, दुपारच्या जेवणाआधी.

ठमीच्या कार्यालयाचं काम एकच, दरवर्षी शहराचं पुस्तक काढायचं. पुस्तकात शहरातल्या सगळ्या गल्ल्या, अक्षरांच्या क्रमानं, प्रत्येक गल्लीला एक चौकट, आणि चौकटीत तिची कुंडली: दारं किती, दिवे किती, पाणी कधी, बस कुठं थांबते, कचरा कोणत्या वारी नेतात. दोन हजार तीनशे चौदा चौकटी. बाकीची सगळी खाती या पुस्तकावर चालायची. पाणीवाले पुस्तक उघडून पाणी सोडायचे, बसवाले पुस्तक उघडून बस थांबवायचे. ज्या गल्लीला चौकट तिला सगळं, जिला चौकट नाही तिला काही नाही. तिथल्या लोकांना नदीपलीकडच्या नव्या इमारतीत घर, लिफ्टसकट. यंदा नवा रुंद रस्ता व्हायचा होता आणि त्याच्या वाटेत येणाऱ्या सत्तावीस गल्ल्या रद्द झाल्या होत्या. त्या सत्तावीस चौकटी पानांतून हातानं शोधून काढायच्या म्हणजे आठवडा गेला असता. पण पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरला स्क्रिप्ट लिहून हुकूम देता येतात, आणि कार्यालयात स्क्रिप्ट लिहिणारी ठमी एकटी होती. तिनं सॉफ्टवेअरकडून सगळ्या चौकटींची यादी मागितली आणि तिच्यावर एक इटरेटर सोडला. इटरेटर म्हणजे यादीतून एकेकापाशी जाणारा. कार्यालयात त्याला फिरस्ता म्हणत. फिरस्त्याला फार कळत नाही. आपण कितव्या जागेवर आहोत आणि आता पुढची जागा कोणती, एवढंच. ठमीनं त्याला सांगितलं होतं, प्रत्येकीपाशी जा, रद्द असा शिक्का असेल तर काढ, पुढं हो. तो नाकासमोर चालत गेला, दोन सेकंदांत परत आला, आणि ठमी जेवायला गेली.

आता तिनं पान एकशे अठरा उघडलं. रद्द झालेली दिवेगल्ली तिथं नव्हती, ते बरोबरच होतं. दिवेगल्लीच्या जागेवर, पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, दोरगल्ली बसली होती. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस खुर्ची आपलीच आहे अशा चेहऱ्यानं बसतो तशी. दारं नऊ, दिवे एक. तिला लगेच कळलं. इतकं लगेच, की ते आधीपासूनच कळलेलं होतं की काय अशी शंका आली. या गोष्टीचा धडा ती स्वतः दरवर्षी नव्या लोकांना द्यायची, खुर्च्या मांडून. नऊ खुर्च्यांवर नऊ माणसं बसवायची. फिरस्ता झालेला माणूस पहिल्या खुर्चीपाशी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिसऱ्या खुर्चीवरच्याला उठवला, की चौथा सरकून तिसऱ्या खुर्चीवर येतो, पाचवा चौथ्यावर. यादीत भोक राहत नाही. फिरस्त्याला मात्र या सरकासरकीचा पत्ता नसतो. तिसरी खुर्ची झाली म्हणून तो चौथीकडे पाऊल टाकतो, तिथं आता पाचवा बसलेला, आणि जो सरकून आला त्याला कुणी विचारतच नाही. म्हणून, ठमी सांगायची, चालता चालता यादीतून काढू नका. शेजारी-शेजारी दोघं काढायचे असतील तर दुसरा वाचतो. उठवलेल्या माणसाचं काम दरवर्षी मुद्रितं तपासणारे गृहस्थ करायचे आणि प्रात्यक्षिक संपलं तरी परत यायचे नाहीत, घरी जायचे. रद्द झालेल्या सत्तावीस गल्ल्यांत अक्षरांच्या क्रमानं एकमेकींना चिकटून आलेल्या दोनच होत्या. दिवेगल्ली गेली, दोरगल्ली सरकली, फिरस्ता तिला ओलांडून पुढं गेला. आणि त्याच दोरगल्लीत सातव्या दारात मावशी राहत होती, जिनं ठमीला तिच्या पाचव्या वर्षापासून वाढवलं होतं.

खरं तर उठून साहेबांच्या खोलीत जायला हवं होतं. ती उठली, पाण्याच्या पिंपापर्यंत गेली, पाणी प्यायली आणि परत आली. मग पुन्हा उठली आणि पुन्हा पाणीच प्यायली. मुद्रितं तपासणाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण ते वाक्यात जागोजाग थांबत आणि पूर्ण विराम क्वचितच येई. "काय गं," ते म्हणाले, "आज, तहान, फार?" ती म्हणाली, "काका, एकशे अठरा पान तुम्हीच तपासलं होतं ना?" "मीच," ते म्हणाले, "निर्दोष, पान आहे. एक अक्षर, इकडचं तिकडं नाही." "पण त्यावर एखादी गोष्ट असायलाच नको होती, असं असलं तर?" स्वल्पविरामांनी पेन्सिल कानामागं खोचली. "हे बघ, छापलंय ते बरोबर छापलंय का, हे मी बघतो. छापायला हवं होतं का, हे बघायला लागलो, तर, मग सुरुवात माझ्यापासून करावी लागेल." आणि ते पुन्हा वाचू लागले. ठमीला हायसं वाटलं. एका जबाबदार माणसाला विचारून झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं. आपल्या सोयीचा जबाबदार माणूस शोधण्यात ती पहिल्यापासून पटाईत होती.

पण चूक नवशिक्याची होती आणि ती नवशिकी नव्हती, हे काही केल्या जाईना. ती दुपार तिला आठवत होती आणि आठवत नव्हती. खिडकीच्या काचेवर एक माशी चालत होती, एकेक चौकोन ओलांडत. रद्द गल्ल्यांची यादी टेबलावर, तिच्यात अकरावं नाव दोरगल्ली. ते वाचताना नजर अडखळली होती, रिकाम्या जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून टाकलेला पाय अडखळतो तशी. मग तिनं स्क्रिप्ट लिहिली होती, आठ ओळींची. त्या आठ ओळी बोटांनी लिहिल्या. बोटांना माहीत होतं का? म्हणजे तिला माहीत नसताना, आतल्या आत, मनगटाच्या खाली, कुणी ठरवलं होतं का, की आपण चुकू या? हात चुकतो तेव्हा तो कुणाचा असतो? असले प्रश्न पडले की तिला झोप यायची, लहानपणापासून. कुणी रागावलं की तिला झोप यायची, आनंद झाला तरी झोप यायची. मावशी म्हणायची, ही पोरगी संकट आलं की गादी शोधते.

मावशी पाण्याचे मीटर वाचायची. एकतीस वर्षं. सकाळी निघायची ते एक विजेरी, एक वही आणि ठमीचं मनगट हातात घेऊन, कारण ठमीला ठेवणार कुठं. कुणाच्या अंगणात, कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या मोरीमागं लोखंडी झाकण असायचं, मावशी वाकायची, विजेरीचा उजेड आत टाकायची, आकडा पुटपुटायची, लिहायची, आणि म्हणायची, "पुढचं दार." रोज दोनशे दारं. तिच्याकडं दारांची यादी कधीच नसायची. हातातलं दार आणि पुढचं दार, एवढ्यावर तिचा सगळा व्यवहार. ठमीला चालता चालता डुलकी लागायची. पाय चालत राहायचे आणि मन मागच्या एखाद्या दारात राहून जायचं, तिथल्या ओल्या लोखंडाच्या वासात, झाकण परत बसतानाच्या खणकन आवाजात. एकदा तिनं झोपेतच विचारलं होतं, "मावशी, मागची दारं अजून असतात का?" मावशी म्हणाली होती, "वाचून झाली ना? मग असोत नाहीतर नसोत." हे उत्तर ठमीला भयंकर वाटलं होतं. त्या रात्री तिनं दोरगल्लीतली नऊच्या नऊ दारं मनात ओळीनं उभी केली आणि सगळी नीट आहेत ना हे बघून मगच झोपली. पुढं ती सवयच झाली. लग्नाशिवाय, कर्जाशिवाय, शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःची दोन खोल्यांची जागा घेऊन राहायला लागली तरी झोपताना दारं मोजायची. पहिल्या दारात चावीवाला, दुसरं कायम बंद, तिसऱ्यात दोघी बहिणी ज्या एकमेकींशी बोलत नसत पण गात एकत्र. सातवं दार येईपर्यंत डोळा लागायचा. आठवं आणि नववं दार तिला कधी नीट बघायलाच मिळालं नाही.

तीन दिवस गेले. हे तीन दिवस ती तरंगत होती असं म्हणायला हरकत नाही. घर वाचलं होतं. कुणाला सांगायची गरज नव्हती, कारण कुणी काही केलंच नव्हतं. एक फिरस्ता एक पाऊल जास्त पुढं गेला होता, बस. रस्त्यानं जाताना तिला वाटायचं, सगळं शहर एकेक जागा सरकलंय. पाव भाजणाऱ्या भट्टीच्या जागी चष्म्यांचं दुकान, चष्म्यांच्या जागी दाताचा डॉक्टर, आणि लोक मात्र जुन्या जागेच्या हिशेबानं चालतायत, दात दुखत असताना पाव मागतायत. गुरुवारी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर रस्तेखात्याचा नकाशा पसरलेला होता. नवा रुंद रस्ता सरळ सोटासारखा येत होता, आणि शहराच्या मधोमध एका ठिकाणी अचानक पोट आत घेऊन वळसा घालत होता, नऊ दारांना. "बघा," साहेब खूश होऊन म्हणाले, "रस्तेवाल्यांनी किती सुरेख वळण दिलंय. मी म्हटलं होतं ना, या लोकांत सौंदर्यदृष्टी आहे." ठमी म्हणाली, "वळण का दिलंय, सर?" "पुस्तकात गल्ली आहे ना तिथं. असलेल्या गल्लीवरून रस्ता कसा नेणार? वेडे आहेत का ते?" साहेबांनी वळणावरून प्रेमानं बोट फिरवलं. ठमीनं तिथंच, उभ्या उभ्या, एक जांभई गिळली.

त्या संध्याकाळी ती तीन महिन्यांनी पहिल्यांदा दोरगल्लीत गेली; गल्ली काढल्यापासून तिचा पाय तिकडं वळलाच नव्हता. बसमध्ये ती एकटीच राहिली होती, आणि थांब्यावर बस थांबली तर समोर मावशी उभी. "आज आहे वाटतं कुणीतरी," मावशी चालकाला म्हणाली. "आज आहे," चालक म्हणाला आणि समाधानानं गेला. "तू रोज इथं येतेस?" ठमीनं विचारलं. मावशी म्हणाली, "यावं लागतं. बिचारा थांबतो, दार उघडतो, कुणी उतरत नाही, कुणी चढत नाही. मग मी येऊन सांगते, आज कुणी नाही हो. तेवढंच त्याला बरं वाटतं." दिवेगल्ली होती तिथं आता विटांचा चुरा आणि मधेच एक उभी राहिलेली न्हाणीघराची निळी भिंत. धूळ सगळ्या वस्तूंवर अशी बसली होती, की गल्ली कुणीतरी पेन्सिलीनं काढली आहे असं वाटत होतं. चावीवाला मुलाकडं गेला होता. दोघी बहिणी दोन वेगवेगळ्या गावी, आता गाणं कसं करत असतील कोण जाणे. बाकीचे कंटाळून पांगले. नऊ दारांत एक दार जिवंत, आणि त्या एकासाठी पाणी सुटत होतं, दिवा लागत होता, बुधवारी कचऱ्याची गाडी येत होती. "गाडीवाल्याला रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसत नाही," मावशी कुलूप काढता काढता म्हणाली. "एकटीचा कचरा तो किती असणार. मग मी जुन्या वह्या थोड्या थोड्या देते. दर बुधवारी एक वर्ष."

आत शिरल्यावर ठमीला दिसली ती गाठोडी. भिंतीला लावून ओळीनं पाच, दोरीनं आवळलेली, वर पाट्याचं ओझं ठेवून दाबलेली. भिंतीवर काही नव्हतं. खिळ्यांच्या जागी फिकट चौकोन होते. फक्त ठमीची खोली जशीच्या तशी, गादी घातलेली, चादर ताणलेली. "हे काय?" ती म्हणाली. "सामान," मावशी म्हणाली, "दोन महिने झाले बांधून. चहा करायचा तर तिसरं गाठोडं सोडावं लागेल, त्यात पातेलं आहे. चालेल ना नुसतं पाणी?" आणि खाली बसून तिनं सगळं सांगितलं, मीटरचा आकडा सांगावा तशा आवाजात. दिवेगल्लीतली शिंपीण, मावशीची चाळीस वर्षांची मैत्रीण, नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला गेली. शेजारची जागा तिनं मावशीसाठी अडवून धरली आहे. दारात स्वतःचं शिवणयंत्र ठेवलंय आणि विचारायला येणाऱ्याला सांगते, आत माणूस झोपलंय. शनिवारी ती जागा दुसऱ्याला देणार आहेत. "मग तू किल्ली मागायला गेली नाहीस?" ठमी म्हणाली. "तीनदा गेले. घरं वाटतात त्या खिडकीतल्या माणसानं पुस्तक उघडलं. म्हणाला, बाई, तुमची गल्ली आहे. मी म्हटलं, माहीत आहे, मी तिथूनच आले. म्हणाला, मग तुम्हाला नवं घर कशाला? मी म्हटलं, अहो, तिथं कुणी नाही. म्हणाला, तुम्ही आहात ना." मावशीनं गाठोड्याची दोरी चाचपली. "त्याचंही बरोबरच होतं म्हणा."

ठमी पाणी प्यायली. पाण्याला लोखंडाची चव होती. "तू मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. मावशी तिच्याकडं बघत राहिली, झाकण उघडून आत आकडा दिसत नसला की बघायची तसं, मान जरा तिरपी करून. "पुस्तक तू करतेस. सगळ्या गल्ल्या गेल्या आणि नेमकी आपलीच राहिली. मला काय कळत नाही होय? मला वाटलं, तूच मुद्दाम ठेवलीस." "मी?" "दर रविवारी यायचीस. त्या खोलीत जाऊन दुपारभर झोपायचीस. जाताना दारं मोजायचीस, मला खिडकीतून दिसायचं, ओठ हलायचे तुझे. मी म्हटलं, पोरीला घर हवंय, राहू दे. आपलं काय, आज आहोत, उद्या चौथ्या मजल्यावर." ठमी म्हणाली, "मला वाटलं तुला हवंय. म्हणून मी चूक कळल्यावरही गप्प बसले." "म्हणजे चूक होती होय," मावशी म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर किंचित निराशा दिसली, भाचीनं आपल्यासाठी मोठा अपराध केला आहे या समजुतीत तिचे दोन महिने बरे गेले असणार. मग ती हसायला लागली. "तू माझ्यासाठी, मी तुझ्यासाठी. आणि हे घर बिचारं उगाच ताटकळत उभं." ठमीही हसली, पण अर्ध्यावर थांबली. कारण ते खरं नव्हतं. घर तिला हवं होतं. मावशीला हवं असेल असं तिनं कधी मावशीला विचारून ठरवलंच नव्हतं. आपल्याला हवं ते तिनं मावशीच्या नावावर टाकलं होतं, आणि मावशी इथं धुळीत, बुधवारी कचरा जमवत, बसला सोबत करत, एकेका वहीनं आपली एकतीस वर्षं गाडीत टाकत बसली होती. "मला हवं होतं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला, की दुसऱ्या खोलीतून कुणी बोललं असं वाटलं. मावशी म्हणाली, "ते मला माहीत आहे. तू ये ना तिकडं झोपायला. गादी अजून कुठल्याच गाठोड्यात नाही, शेवटी घेणार आहे." बाहेर संध्याकाळचा उजेड होता, पण रस्त्यावरचा दिवा लागला, पुस्तकात लिहिलेल्या वेळेला, आणि रिकाम्या गल्लीत दिवसाढवळ्या चांदणं पडल्यासारखं झालं.

शुक्रवारी सकाळी ती पाणी न पिता साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, माझी चूक झाली." साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर ते बराच वेळ नकाशातल्या वळणाकडं बघत राहिले. "या कार्यालयात," ते म्हणाले, "एकोणीस वर्षांत चूक झालेली नाही." "दोनदा शुद्धिपत्र निघालं होतं, सर." "त्या सुधारणा होत्या. पुस्तकात आणि शहरात फरक पडला तर आपण शहर दुरुस्त करतो, हे तुम्हाला माहीत नाही का? चांगली गल्ली आहे. दिवासुद्धा नवा बसवलाय. असू द्या." ठमी म्हणाली, "सर, तिथं एक बाई राहते." "मग झालं तर. वस्ती आहे." "तिला जायचंय, सर. ती माझी मावशी आहे. मी चूक सोमवारीच ओळखली आणि तीन दिवस दाबून ठेवली. आज दुपारपर्यंत नवं पान गेलं नाही तर तिची जागा जाईल." हे शेवटचं सांगायची गरज नव्हती, सांगून ती मोकळी झाली आणि अडकलीही. साहेबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते कुणाच्या तरी मामासारखे दिसायचे. "मला मावशी नाही," ते म्हणाले, कशाला ते त्यांनाही कळलं नसावं. मग म्हणाले, "सुधारणा काढा. तुमच्या नोंदीत मला शेरा लिहावा लागेल. आणि पुढच्या वर्षापासून सगळ्या चौकटी तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघायच्या. एकेक. दोन हजार तीनशे." "दोनशे सत्त्याऐंशी," ती सवयीनं म्हणाली, "आजपासून." "आणि रस्तेवाल्यांना वळणाचं तुम्ही सांगा. मला ते जमणार नाही."

ती जागेवर बसली. एक चौकट काढायला स्क्रिप्ट लागत नाही. चौकटीवर बोट ठेवून एक कळ दाबली असती तर भागलं असतं. पण तिला ते तसं करवेना. हातानं पुसून टाकल्यासारखं झालं असतं. शिवाय मूळ स्क्रिप्ट दुरुस्त करायला हवीच होती, नाहीतर पुढच्या वर्षी कुणाची तरी मावशी अडकायची. अशा वेळी दोन उपाय असतात. एक, यादीच्या शेवटापासून मागं चालत यायचं. मग जे सरकतात ते बघून झालेलेच असतात. खुर्च्यांच्या धड्यात ती हाच शिकवायची. दुसरा उपाय ती सहसा सांगत नसे, कारण नवी माणसं त्यावर फार प्रश्न विचारतात. यादीची एक प्रत करायची. फिरस्त्याला प्रतीतून चालवायचं आणि काढायचं ते मूळ यादीतून. मूळ यादीत खुशाल सरकासरकी होऊ दे. प्रतीत कुणी जागचं हलत नाही, म्हणून कुणी ओलांडलं जात नाही. प्रतीत सगळे जसेच्या तसे राहतात, स्क्रिप्ट चालू असेपर्यंत. ती आठ ओळींकडं बघत बसली. तिच्या आत गेली तेवीस वर्षं एक प्रत होती, नऊ दारांची, रात्री चालायची. तिच्यात चावीवाला होता, गाणं होतं, ओल्या लोखंडाचा वास होता. चालायला ती चांगलीच होती. फक्त मूळ गल्लीनंही तसंच थांबून राहावं, असा हट्ट तिनं धरला होता. तिनं नववी ओळ लिहिली, प्रतीची. आणि मग फोन उचलला.

"मावशी, साहेबांनी पुढच्या वर्षापासून सगळ्या गल्ल्या एकेक बघायला सांगितल्यात. आपली आता काढतेय."

"काढ. मी चौथं गाठोडं आवळतेय, बोल तू."

तिनं स्क्रिप्ट चालवली. फिरस्ता निघाला, दोन हजारांवर दारांवरून, आणि पान एकशे अठरावर काहीतरी पापणी लवल्यासारखं झालं. डावा वरचा कोपरा रिकामा झाला नाही, रिकामं काही राहतच नाही. दुसरी एक चौकट तिथं येऊन बसली होती. पडद्याच्या मधोमध एक संदेश उमटला आणि स्क्रिप्ट थांबून राहिली.

"झालं?" मावशी म्हणाली.

"झालं नाही अजून. एक गल्ली काढली म्हणतंय. ठीक आहे का विचारतंय. मी हो म्हणेपर्यंत थांबणार." तिला माहीत होतं, तोवर आत कुठंतरी ती प्रत शाबूत होती, दारं नऊ, दिवे एक. ती तशीच ठेवून जेवायला जाता आलं असतं. तशीच ठेवून घरीसुद्धा. तिला गाढ, गोड झोप यायला लागली.

"अगं मग सांग ना त्याला. ताटकळत कशाला ठेवतेस कुणाला?"

ठमीनं हो म्हटलं. संदेश गेला. खोलीत काही बदललं नाही. स्वल्पविराम पान उलटत होते, वाहतूक चालू होती. फोनमध्ये दोरी करकचून आवळल्याचा आवाज आला, आणि मावशीचा श्वास.

"आमच्या जागेवर कोण आलं गं?"

"धुकेगल्ली."

"धुकेगल्ली," मावशी म्हणाली. बहुधा तिच्या डोळ्यांपुढून दारं जात असावीत, एकेक. "माणसं बरी आहेत. झाकणं जड आहेत फार. तू पुढच्या वर्षी सगळ्या बघत जाणार म्हणालीस ना, तर चौथ्या दाराशी जरा जपून. कुत्रं आहे तिथं. चावत नाही, पण मागं मागं येतं."